हसवणाऱ्या विज्ञानकथेत काळजाला हात कसा घालायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या कॉलेजच्या मुलांनी एक एकांकिका बसवली आहे. साल २१५०, घर शिवाजी पेठेतलं. मेलेल्या माणसाला आठवणींसकट परत आणणारं यंत्र निघालं आहे आणि नातू त्यातून आपल्या आजीला परत आणतो. सुरुवातीपासून हशे पडतात. शेवटी आजी यंत्रातून बाहेर येते, नातू गळ्यात पडतो, पडदा. प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि पार्किंगकडे निघतो. लेखकाचं म्हणणं असं: "'फ्युचुरामा' हीसुद्धा विनोदी विज्ञान मालिकाच आहे. ती बघताना मी रडलो. आमच्या नाटकाला आमच्या घरचेही रडले नाहीत. असं का? आणि विनोदी नाटकात नीती-अनीतीचा प्रश्न घ्यावा, की त्याचं प्रवचन होतं?"

तुझी संहिता दोनदा वाचली. विनोद चांगले आहेत, उसने वाटत नाहीत, पात्रांच्या तोंडची भाषा पेठेतलीच आहे. त्यात काही कमी करू नकोस. खोट तुझ्या यंत्रात आहे. ते फार चांगलं चालतं. आजी गेली, यंत्र लावलं, आजी आली. गेलेली वस्तू जशीच्या तशी परत मिळाली तर प्रेक्षकानं रडायचं कशासाठी? विज्ञानकथेतल्या यंत्रानं पात्राचं दुःख सोडवायचं नसतं. त्यानं पात्राला अशा जागी आणून उभं करायचं असतं, जिथं त्याला स्वतःला काहीतरी ठरवावं लागेल. इतकी वर्षं एकांकिका लिहिताना आणि बसवताना मी याच एका गोष्टीवर सगळ्यात जास्त घासाघीस करत आलो आहे, आणि 'फ्युचुरामा'च्या लेखकांना ती पक्की कळली होती असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी: मॅट ग्रेनिंग आणि डेव्हिड एक्स. कोहेन यांची ही ॲनिमेशन मालिका २८ मार्च १९९९ ला फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. फ्राय नावाचा पिझ्झा पोचवणारा, जरा मंदच म्हणावा असा पोरगा ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री एका शीतपेटीत गोठतो आणि हजार वर्षांनी जागा होतो. आई-बाप, भाऊ, कुत्रा सगळे कधीच मातीला मिळालेले. मग तो आपल्याच लांबच्या पुतण्याच्या, म्हणजे म्हाताऱ्या प्रोफेसरच्या कुरिअर कंपनीत लागतो. सोबत एकडोळी कप्तान लीला आणि दारुडा, चोरटा यंत्रमानव बेंडर. मांडणी हसण्यासारखी आहे, पण तिच्या तळाशी काय आहे ते बघ: या पोराचं एकूण एक माणूस मेलं आहे आणि त्याला कुणाचाही निरोप घेता आलेला नाही. लेखक हे रोज बोलून दाखवत नाहीत. वर्षातून एखाद्या भागात ते झाकण उघडतात.

तू ज्या भागाला रडलास तो २००२ सालचा कुत्र्याचा भाग असणार. तो नीट उलगडून सांगतो, कारण तुझ्या नाटकाचं औषध त्यातच आहे.

संग्रहालयात फ्रायला आपल्या जुन्या कुत्र्याचं, सीमोरचं, दगड झालेलं शरीर सापडतं. हे सीमोर नाव कुठून आलं? कुणीतरी थट्टेनं खोट्या, चावट नावानं पिझ्झा मागवलेला असतो. फ्राय पत्त्यावर पोचतो तर गल्लीत माणूस नाहीच, एक भटकं कुत्रं तेवढं. फ्राय भाबडेपणानं समजतो की गिऱ्हाईक हेच. म्हणजे कुत्र्याचं नावच मुळात एक विनोद आहे. प्रेक्षक पहिल्यांदा त्याला हसतो आणि हसता हसता त्याच्यावर जीव लावून बसतो. प्रोफेसर म्हणतो, मी याला आठवणींसकट परत जिवंत करतो. इथपर्यंत तुझ्या आजीचीच गोष्ट.

आता फरक. यंत्र सुरू होतं आणि त्यावर आकडा येतो: कुत्रा पंधराव्या वर्षी मेला. फ्राय हिशेब करतो. तो गोठला तेव्हा सीमोर तीन वर्षांचा होता. म्हणजे आपल्यामागे तो आणखी १२ वर्षं जगला. त्याला दुसरं घर मिळालं असेल, दुसरा मालक मिळाला असेल, तो आपल्याला विसरला असेल. त्याचं पुरं आयुष्य जगून झालंय, ते आपण का उसकटायचं? फ्राय यंत्र बंद करायला लावतो. आणि मग शेवटची काही क्षणांची चित्रं येतात. एक शब्द नाही, फक्त एक जुनं गाणं. पिझ्झाच्या दुकानासमोर कुत्रा बसलाय. उन्हाळा, पानगळ, बर्फ, पुन्हा उन्हाळा. दुकानदार म्हातारा होतो. कुत्रा बसूनच आहे, कारण फ्रायनं जाताना त्याला इथंच थांब म्हणून सांगितलं होतं.

यंत्र काय करतं ते बघ. ते बिघडत नाही. ते व्यवस्थित चालतं आणि एक खरा आकडा सांगतं. त्या खऱ्या आकड्यावरून फ्राय चुकीचा अर्थ काढतो आणि त्या चुकीच्या अर्थावरून अत्यंत सभ्य निर्णय घेतो. त्याचा निर्णय प्रेमाचा आहे, निःस्वार्थी आहे, आणि तरीही कुत्र्याला जे हवं होतं त्याच्या नेमका उलटा आहे. हे त्याला कधीच कळत नाही. आपल्याला कळतं. रडू त्या फटीतून येतं. फ्राय स्वतः हुंदके देऊन रडला असता तर आपण कोरडे राहिलो असतो.

आणि नीतीचा प्रश्नही इथंच आहे, प्रवचनाचं एक वाक्य न वापरता. जो बोलू शकत नाही त्याच्या भल्याचा निर्णय कुणी घ्यायचा? हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकवावा लागत नाही. २०२५ च्या जुलैअखेर नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या वनतारा या प्राणी-केंद्रात नेली तेव्हा गावागावांत हाच प्रश्न उभा होता. एका बाजूला तिची तब्येत आणि तिचं एकटेपण, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षांचा लळा. दोन्ही बाजूची माणसं मनापासून बोलत होती. हत्तिणीला कुणी विचारू शकत नव्हतं. तुझा प्रेक्षक त्या दिवसांतून गेलेला आहे. त्याला अवघड प्रश्न झेपणार नाही असं समजू नकोस.

आता विनोदाबद्दल, कारण तू मला विचारलंस की शेवट गंभीर करायचा तर मधले हशे काढावेत का. अजिबात नाही. त्याच भागात बेंडर कुत्र्यावर जळतो. आपल्या मित्राचं लक्ष दगडाकडं गेलं म्हणून तो चिडून ते शरीर उकळत्या लाव्हात फेकतो. फ्राय कोसळतो. इतक्या ताणाच्या क्षणी प्रोफेसरला कळतं की दगड डोलोमाइटचा आहे, लगेच वितळणार नाही. आणि बेंडर छाती ठोकून सांगतो की माझंही अंग ४० टक्के डोलोमाइटचं आहे, मी उतरतो. हा विनोद आहे, आणि त्याच वाक्यात एका मत्सरी यंत्रमानवाचं प्रायश्चित्तही आहे. हशानं ताण मोडत नाही. हशानं प्रेक्षकाची छाती मोकळी होते आणि पुढचा घाव आत उतरायला जागा मिळते. तालमीत हे तपासायचा साधा उपाय सांगतो: ज्या हशानंतर पात्राला पुढं काही करावंच लागतं तो हशा ठेव. ज्या हशानंतर पात्र होतं तिथंच उभं राहतं तो काप, मग तो कितीही टाळ्या घेणारा असो.

दुसरी गोष्ट यंत्राच्या मर्यादेची. या मालिकेच्या लेखकांत गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेली मंडळी होती. त्यातल्या केन कीलर यांनी तर २०१० च्या एका भागातल्या अदलाबदलीचा गुंता सोडवण्यासाठी गणिताचं खरं प्रमेय सिद्ध केलं. असली माणसं यंत्राला नियम घालतात आणि नियम मोडत नाहीत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका भागात प्रोफेसर कालयंत्र बनवतो, पण ते फक्त पुढं जातं, मागं येत नाही. फ्राय लीलाच्या वाढदिवसाच्या जेवणाला उशीर करणाऱ्यांतला, आणि याच खेपेला तो यंत्रात अडकून पुढं पुढं फेकला जातो. इकडे लीला आयुष्यभर समजते की त्यानं दगा दिला. म्हातारपणी तिला खरं उमगतं. निरोप पाठवायचा कसा? ज्या गुहेत ते भेटणार होते तिच्या छताला ती बंदुकीनं भोकं पाडते. त्यातून पाणी ठिबकत राहतं, आणि एक अब्ज वर्षांनंतर फ्राय तिथं पोचतो तेव्हा जमिनीवर चुनखडीच्या सुळक्यांची अक्षरं उभी असतात. कालयंत्र मागं जात असतं तर एक माफी मागून विषय संपला असता. ते जात नाही म्हणून ती अक्षरं जन्मली. तुझ्या यंत्राला असा एक कठोर नियम दे. सध्या त्याला फक्त वीजबिलाचा विनोद आहे, नियम नाही.

नैतिक प्रश्नांबाबत तुझी भीती रास्त आहे. एकांकिका स्पर्धेत दर वर्षी किती तरी चांगली नाटकं शेवटच्या पाच मिनिटांत मरतात, कारण एक पात्र पुढं येतं, प्रकाश त्याच्यावर पडतो आणि ते समाजाला चार गोष्टी सुनावतं. 'फ्युचुरामा' हे काम कसं करते ते पहिल्याच भागात दिसतं. भविष्यातल्या शहरात प्रत्येकाच्या तळहातात धंद्याची चिप टोचतात. सरकार ठरवणार तू कोण, आणि मरेपर्यंत तू तेच. फ्रायच्या नशिबी पुन्हा डिलिव्हरी बॉय. तो पळतो. त्याला पकडायला निघालेली लीला चिपा वाटणारी अधिकारीच असते, आणि शेवटी ती स्वतःची चिप उपटून टाकते. मग गंमत अशी की फ्राय प्रोफेसरच्या कंपनीत डिलिव्हरी बॉयच होतो आणि आनंदानं ओरडतो. काम तेच. फरक एवढाच की या वेळी कुणी लादलेलं नाही.

हा भाग कोल्हापुरात दाखव आणि जन्मानं धंदा ठरवण्याबद्दल एक शब्द बोलू नकोस. २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम ज्या संस्थानात निघाला, जिथं अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलात छत्रपती शाहू महाराज स्वतः जाऊन चहा पीत, तिथल्या प्रेक्षकाला चिप म्हणजे काय हे फोडून सांगणं म्हणजे त्याचा अपमान आहे. त्याला फक्त तळहात दाखव.

लीलाच्या आई-बापांचा भागही असाच, २००२ चा. अनाथाश्रमात वाढलेली लीला स्वतःला परग्रहावरची समजते. खरं म्हणजे तिचे आई-बाप त्याच शहराच्या गटारात राहणारे विकृतदेही लोक आहेत, ज्यांना वर यायला कायद्यानं बंदी आहे. मुलगी त्यातल्या त्यात माणसासारखी दिसते म्हणून ते तिला परकी लिपी वाटेल अशी चिठ्ठी जोडून आश्रमाच्या दारात ठेवतात. परग्रहावरची म्हणून का होईना, वर जगेल. पुढं ती त्यांच्यावर बंदूक रोखते तरी ते खरं सांगत नाहीत. शेवटी जुनी चित्रं येतात: मुलगी वाढतेय, आणि प्रत्येक टप्प्यावर खालून कुणीतरी तिच्यावर लक्ष ठेवून आहे, जपतं आहे. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपल्या ड्रेनेजमध्ये उतरणारी माणसं आठवली. हातानं मैला साफ करण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि तरीही चेंबरमध्ये गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या येत राहतात. त्यांची पोरं शाळेत बाप काय करतो म्हणून विचारल्यावर काय सांगत असतील? मालिकेत यातलं काहीच बोललं जात नाही. एक बाप जाळीतून वर बघतो, बस.

एक कसब इथं लक्षात ठेव: सगळ्यात जड प्रश्न सगळ्यात हलक्या पात्राच्या अंगावर टाकायचा. बेंडर अंतराळात भरकटतो, त्याच्या अंगावर चिमुकल्या जिवांची वस्ती होते आणि ते त्याला देव मानतात, असा एक भाग आहे. तो त्यांच्या प्रार्थना ऐकून मदत करायला जातो तर माणसं मरतात. मदत थांबवतो तर ती आपसात लढून मरतात. देवानं किती हात घालावा, हा प्रश्न एखाद्या सज्जन पात्राला दिला असता तर कीर्तन झालं असतं. दारू पिणाऱ्या, खिसे मारणाऱ्या बेंडरला दिला म्हणून तो खरा वाटतो. तुझ्या नाटकात नीतीवर बोलतो तो डॉक्टर. त्याचं बोलणं काढ. तो प्रश्न त्या यंत्र विकणाऱ्या एजंटाच्या तोंडी जाऊ दे, ज्याला फक्त हप्ता हवाय.

सगळंच या मालिकेचं डोक्यावर घ्यावं असं मात्र नाही. २००७ च्या चित्रपटात त्यांनी कुत्र्याची गोष्ट पुन्हा उघडली. फ्रायची एक प्रत भूतकाळात राहून सीमोरबरोबर जगली, असं दाखवलं. कित्येक प्रेक्षकांना त्यानं दिलासा मिळाला असेल. मला तो दिलासा नको होता. २००२ च्या भागात जे ठाम उभं होतं त्याची एक वीट काढून घेतल्यासारखं वाटलं. आधीच्या शेवटाला घाबरू नये, तो तसाच सोसावा.

आता तुझी आजी.

तुझ्या संहितेत एक ओळ तीनदा येते आणि तिन्ही वेळा हशा घेते. नातू पुण्याला नोकरीला. तो घरी यायला निघाला की आजीचा फोन: "कराड सोडलंस? किणी टोलनाका आला का?" तिसऱ्यांदा तर तो अजून स्वारगेटलाच असतो आणि आजी किणी विचारते. कोल्हापूरच्या प्रत्येक घरात हा फोन येतो, म्हणून हशा पडतो. आणि मग तू ती ओळ विसरून जातोस. आजी यंत्रातून बाहेर येते तेव्हा ती रश्श्याच्या तिखटावर विनोद करते. अरे, तुझा सीमोर किणीच्या टोलनाक्यावर बसलाय, आणि तू त्याला तिथंच सोडून आलास.

माझ्या मनात असं येतं. यंत्राला नियम घाल: माणूस परत आणण्याआधी त्याचे शेवटचे महिने आवाजात ऐकावे लागतील, वगळता येणार नाहीत. एजंट कंटाळून बटण दाबतो. आवाज सुरू होतात. भांड्यांचा, कुकरचा, शेजारणीशी भांडणाचा, दोन-तीन चांगले हशे इथंही घे. मग फोनच्या बटणांचा आवाज, आणि आजी: "कराड सोडलंस?" पलीकडून कुणी बोलत नाही, कारण पलीकडं फोन उचललेलाच नाही. पुन्हा बटणं. "किणी आलं का?" नातवाला आठवतं, त्या महिन्यात तो पुण्याहून निघालाच नव्हता. इथं नट रडणार नाही हे दिग्दर्शकाला बजावून सांग. त्यानं फक्त ऐकायचं. पाठ प्रेक्षकाकडं असली तरी चालेल.

त्यानंतर निर्णय. त्याच आवाजांत आजी शेजारणीला सांगताना ऐकू येऊ दे की आता मला बोलावणं आलं तर बरं, गुडघे थकले, सगळं बघून झालं. म्हणजे तिला नातू हवा होता हेही खरं आणि तिला जायचं होतं हेही खरं. नातू तिला परत आणतोय ते तिच्यासाठी की आपण फोन उचलला नाही त्याची टोचणी जावी म्हणून? हे त्याला एजंटानं विचारायचं, पावतीपुस्तक उघडताना, सहज. उत्तर काय द्यायचं ते तू ठरव. दोन्ही शेवट लिहून दोन्ही बसवून बघ. माझ्या मते नातवानं यंत्र बंद करणं सोपं आहे, जरा जास्तच सोपं, आणि ते त्या कुत्र्याच्या भागाच्या फार जवळ जातं. त्यानं ते चालू करावं, आजी यावी, आणि तिनं पहिलं वाक्य थकव्याचं बोलावं, हे लिहायला अवघड आणि म्हणून अधिक तुझं होईल.

उचलेगिरीची काळजी तू विचारली होतीस. कुत्रा, गुहेतली अक्षरं, तळहातातली चिप यांतलं काही घेऊ नकोस. तुला त्याची गरजही नाही. टोलनाका पूर्ण तुझा आहे.

शेवटचं व्यवहाराचं. संगीत देणाऱ्याला त्या आवाजांच्या प्रसंगाखाली व्हायोलिन टाकू देऊ नकोस. कुकरच्या शिट्ट्या आणि फोनची बटणं स्वच्छ ऐकू आली पाहिजेत, त्यासाठी ते आवाज घरातच, खऱ्या भांड्यांवर रेकॉर्ड करा. आणि शेवट एवढा बदलतोय म्हटल्यावर नवी संहिता टाईप करून सेन्सॉरला वेळेत पाठव. प्रवेशिकेच्या तारखेच्या तोंडावर ते काम अडतं, आणि मग नाइलाजानं जुना शेवट करावा लागतो. नव्या मसुद्याची एक प्रत मलाही दे. वाचून सांगतो.